टेंभुर्णेकाकांची गिनती

आमच्या शेजारचे टेंभुर्णेकाका रोज दिवेलागणीला मोठ्यांदा दोनपर्यंत मोजायचे. "एक. दोन. गिनती बरोबर." मग कडी लागल्याचा आवाज यायचा आणि चपला फरफटत घरात जायच्या. छत्तीसगड हे नवीन राज्य झालं तशी भोपाळहून माझी बदली रायपूरला झाली आणि पुरानी बस्तीत आम्ही त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायला आलो. पहिला आठवडाभर मला वाटलं, म्हाताऱ्याच्या दोन म्हशी असतील. बघायला गेले, तर निघाली कासवं.

काका जेलच्या कचेरीतून रिटायर झालेले. जेलमध्ये संध्याकाळी कैद्यांची गिनती जुळल्याशिवाय कोणाला घरी जाता येत नाही म्हणे. काका रिटायर झाले, पण त्यांची गिनती काही रिटायर झाली नाही.

त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या वेळी इकडं आलेलं. "फौजेसंगं आलो, वापस जायचं राहून गेलं," असं ते अशा सुरात सांगायचे, की वाटावं आतल्या खोलीत पिशवी भरूनच ठेवली आहे.

कासवं काकूंनी आणलेली. भाजी आणायला गेल्या होत्या. तिथं एक माणूस पोत्यात भरून या दोघींना घेऊन चाललेला दिसला. काकूंनी भाजीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि रिकाम्या पिशवीत कासवं घालून घरी आल्या. त्या दिवशी घरात नुसता वरणभात झाला. मोठीचं नाव थोरली, छोटीचं धाकटी, जावा-जावाच. काकू गेल्या आणि या दोघी काकांच्या गळ्यात पडल्या. गळ्यात पडल्या हे माझं म्हणणं. काकांसमोर म्हटलं असतं तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं.

त्या दोघींचं आवार म्हणजे काकांचा अभिमान. गुडघ्याएवढी विटांची भिंत, आणि तितकीच जमिनीच्या आत.

"आत कशाला, काका?"

"खोदते ना थोरली. तुले काय वाटलं, कासव म्हणजे दगड आहे? रात्रभरात सुरंग करते."

कोपरे सगळे गोल. कोपरा मिळाला की कासव चढायला बघतं आणि उताणं पडतं, आणि रायपूरच्या मे महिन्यात उताणं पडलेलं कासव कोणी सरळ केलं नाही, तर संपलंच. वरून जाळी, कावळा आणि मुंगसासाठी. एका बाजूला कवेलूच्या छपराची सावली. पाण्याची परात उथळ, कारण "बुडून मेली तर मी तुह्या काकूले काय सांगू?" जास्वंदाची पानं चालायची, दूर्वा चालायच्या. मी एकदा कौतुकानं पालकाची जुडी घेऊन गेले, तर काकांनी ती दोन बोटांनी माझ्या हातात परत ठेवली. "पालक कायद्यात बसत नाही, पोरी."

त्यांच्या कायद्यात बरंच काही बसत नसे. फटाके, मांजरी, आमच्या यांचं शिंकणं.

एकदा मी गमतीनं म्हटलं, "काका, जन्मभर माणसं आत ठेवली, आता कासवं."

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "तिथली भिंत आतल्यासाठी होती. ही बाहेरच्यासाठी आहे. कुत्रा आत यायले नाही पाहिजे, बस."

मग त्यांनी सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली. आधी भिंत नव्हती, नुसती तारेची जाळी होती. थोरलीला पलीकडचं अंगण दिसायचं. ती दिवसभर जाळीला नाक घासत इकडून तिकडं चालायची, नाकातून रक्त यायचं, समोर ठेवलेला चारा वाळून जायचा. काकू रडायच्या. शेवटी काकांनी जाळीला बाहेरून टिनाचे पत्रे ठोकले. दुसऱ्या दिवशी थोरली सावलीत बसून आरामात जास्वंद खात होती. विटांची भिंत त्यानंतर आली.

"दिसलं की जीव तिकडंच ओढ घेते," काका म्हणाले. "नाही दिसलं की चारा गोड लागते."

आता गंमत अशी, की काकांच्या स्वतःच्या फाटकालाही वरपासून खालपर्यंत तसाच पत्रा ठोकलेला होता. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले लोक म्हणायचे, बुढ्ढे ने सोना गाड़ के रखा है. मी सरळ विचारलं.

"धूळ येते," काका म्हणाले. "राजधानी झाली ना आता. किती गाड्या."

गाड्या खरंच वाढल्या होत्या, धूळही होती. मी विश्वास ठेवला.

त्या दिवाळीला पुण्याहून त्यांच्या मुलाचा, विनूचा फोन आला. बायको-मुलांना घेऊन येतो म्हणाला. काकूंच्या नंतर पहिल्यांदाच. काकांनी घर धुऊन काढलं, माझ्याकडून चकल्या करवून घेतल्या आणि ज्या दिवशी ते येणार त्या सकाळी फाटकाचा पत्रा उपसून काढला. इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत खुर्ची टाकून बसले. समोर सगळा रस्ता. रिक्षा वाजली की उठायचे, पुढं गेली की बसायचे. मी येता-जाता बघत होते.

"येतीलच, काका."

"हव. गाडी लेट असेल."

दुपार गेली. उन्हं उतरताना त्यांच्या घरात फोन वाजला, काका आत जाऊन बोलले आणि परत खुर्चीत येऊन बसले. मला समजायचं ते समजलं. दिवे लागले. मी चहाचं आधण ठेवून गिनतीची वाट बघत राहिले. गिनती आली नाही.

गेले तर काका आवारापाशी उभे. त्याचं दार सताड उघडं.

"एक," ते म्हणाले. "एकच आहे, पोरी. चारा टाकत होतो, रिक्षा वाजली, पळालो. कडी लावलीच नाही." कायद्याचा माणूस, आवाज अगदी बारीक झाला होता. "तुह्या काकूची थोरली गेली."

बाहेर रस्ता रुंद करायला नाली खणून ठेवलेली, वर मोकाट कुत्री. टॉर्च घेऊन आम्ही नाली पाहिली, विहिरीचा कट्टा पाहिला, तुळशीमागं पाहिलं. काका वाकून हाक मारत होते, जशी काही ती ओ देणार होती.

आणि ती सापडली फाटकात. जास्वंदाच्या कुंडीआड, मान गजांतून बाहेर काढलेली, पाठ दोन गजांत अडकलेली, पाय माती उकरत होते. नाक सोललेलं. कधीपासून होती देव जाणे. काका दिवसभर समोरच बसले होते, पण त्यांची नजर होती रस्त्यावर. दोघंही एकाच बाजूला बघत होते.

काका खाली मातीत बसले, इस्त्रीच्या शर्टासकट. तिला हलकेच तिरपं करून सोडवलं, मांडीवर घेतलं.

"नाही येत कोणी, बाई," ते तिला म्हणाले. "सुट्टी नाही भेटली त्याले. चाल घरात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हळद आणण्याचं निमित्त करून आत गेले. परत आले तोवर आवाज आला, "एक. दोन." पुढचं 'बरोबर' मात्र ते म्हणाले नाहीत.

सकाळी हातोड्याचे आवाज ऐकून मला वाटलं, झालं, पत्रा परत चढला. बाहेर आले तर काकांनी पत्रा कापला होता. खालचा वीतभर पट्टा तेवढा फाटकाला ठोकत होते. वरचं सगळं उघडं.

"काका, धूळ येईल की."

"येऊ दे." त्यांनी तोंडातला खिळा काढून ठोकला. "तिची नजर तेवढीच जाते, पोरी. तिले वाट पाहायले नाही लावायचं."

मग हातोडा ठेवला, ओसरीत जाऊन खुर्ची सरळ रस्त्याकडं केली आणि बसले.