ज्यानं इथवर वाचलं

खांद्यावर पंचा आणि मोटरसायकलच्या हँडलला पिठलं-भाकरीचा डबा अडकवून हौशीराम सुदुंबऱ्याहून भाजे गावात सांत्वनाला आला, तेव्हा जिच्या जाण्याबद्दल सांत्वन करायचं होतं ती अंबूबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. हौशीराम अंगणातच थबकला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्याच्या बायकोनं पहाटे उठून भाकरी थापल्या होत्या, आणि इथं तर घरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

“कोन गेलं रं?” त्याचा चेहरा बघून अंबूबाईनं विचारलं.

हौशीराम तिचा पुतण्या. सरळ माणूस, खोटं बोलणं त्याला जमत नाही.

“तुमीच, काकी,” तो म्हणाला.

आता यात हौशीरामची तरी काय चूक? आदल्या दिवशी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंबूबाईचा फोटो आला होता. वर ‘आमच्या आत्याबाई’ असं लिहिलेलं आणि खाली भला मोठा मजकूर. त्या ग्रुपवर म्हाताऱ्या माणसाचा फोटो दोनच कारणांनी येतो, आणि वाढदिवस असला तर सोबत केक असतो. इथं केक नव्हता. पहिल्यानं हात जोडले, दुसऱ्यानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं, आणि मग रांगच लागली. मजकूर वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. वाचला असता तर कळलं असतं की ही बाई डब्यातला गूळ चोरून खाते आणि आळ मुंग्यांवर घेते. मेलेल्या माणसाबद्दल असं कुणी लिहीत नाही.

तो मजकूर लिहिला होता अंबूबाईच्या सुनेनं, यशोधरानं. तिला लिहायचं वेड होतं. वेडच म्हणायचं, कारण त्यातून ना पैसा मिळत होता ना म्हशीला वैरण. दुपारची भांडी घासून झाली की ती मागच्या दारी पायरीवर बसायची आणि मोबाईलवर एका अंगठ्यानं लिहीत राहायची. लेक अपेक्षा तळेगावला नोकरीला. तिनं आईला ‘ओसरी’ नावाची एक जागा दाखवून दिली होती. तिथं मराठीत लिहिणारी हौशी माणसं आपापलं लिखाण टाकतात आणि एकमेकांचं वाचतात. यशोधरानं तिथं ‘चुलीपाशी’ हे नाव घेतलं आणि सासूवर, नवऱ्यावर, म्हशीवर, लेणी बघायला येऊन दुसऱ्याच्या बांधावर फोटो काढणाऱ्या पाहुण्यांवर लिहायला लागली. वाचक भेटत गेले. ‘पावसाळी चप्पल’ नावाची एक बाई प्रत्येक लेखावर प्रेमानं लिहायची. ‘दहावी नापास’ नावाचे एक गृहस्थ होते, ते कोण, कुठले, देव जाणे, पण कुठला परिच्छेद आवडला ते नेमकं सांगायचे.

पण परक्यांनी कितीही वाहवा केली तरी घरच्यांनी विचारलं नाही की माणसाला गोड लागत नाही. म्हणून ती प्रत्येक लेख भावकीच्या ग्रुपवर टाकायची. टाकला की दोन मिनिटांत अंगठे, फुलं, ‘छान वहिनी’. लेख वाचायला लागतात दहा मिनिटं. नवरा भिमाजी तर समोरच्या बाजेवर पडल्या पडल्या अंगठा पाठवायचा आणि फोन उशाखाली सारायचा. तो अंगठा तिला सगळ्यात जास्त लागायचा.

हौशीराम परत गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “तुमीपण हात जोडले व्हते का?”

“न्हाई,” भिमाजी म्हणाला. “मी अंगठा दिला.” आणि धारेची वेळ झाली म्हणून उठून गोठ्यात गेला. गुडघे धरत धरत अंबूबाईही त्याच्या मागं गेली. एका म्हशीची धार काढायला हल्ली दोन माणसं का लागतात, हे यशोधराला कोडंच होतं. पण त्या दिवशी तिचं डोकं दुसऱ्याच विचारात होतं.

डब्यातलं पिठलं तेवढं अंबूबाईनं रात्री चवीनं खाल्लं. मीठ कमी पडलंय म्हणाली.

यशोधरानं मग सगळ्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. नवा इंद्रायणी तांदूळ घरात आला होता. त्याच्यावर तिनं लांबलचक लेख लिहिला, आणि बरोबर मधोमध, जिथं आळशी माणूस कधी पोचत नाही अशा जागी, एक वाक्य पेरलं. ‘ज्यानं इथवर वाचलं, त्यानं येत्या रविवारी दुपारी आमच्याकडे नव्या तांदळाचा भात आणि पावट्याची आमटी जेवायला यावं, मळवली स्टेशनावर उतरून भाज्यात कुणालाही अंबूबाईचं घर विचारावं.’ भावकीतलं एक जरी माणूस आलं तरी तिला पुरे होतं. एक माणूस आपलं वाचतं एवढंच तिला बघायचं होतं.

लेख ग्रुपवर गेला. दोन मिनिटांत अंगठे आले, फुलं आली. हौशीरामनं या वेळी सावधगिरी म्हणून ‘अभिनंदन’ लिहिलं. भिमाजीनं बाजेवरून अंगठा पाठवला. रविवारी येतो असं कुणीच म्हणालं नाही. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, तरी नाही. यशोधराला रडू आलं. तिनं फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि मनाशी ठरवलं की पुरे झालं हे लिहिणं. चार दिवस तिनं ओसरीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

आणि इथंच घोटाळा झाला. तोच लेख तिनं सवयीनं ओसरीवरही टाकला होता. तिथले वाचक नागपूरचे, लातूरचे, एक तर मस्कतचा. एवढ्या लांबून आमटी-भाताला कोण येतंय, असं तिला वाटलं होतं. पण जी माणसं गेली दोन वर्षं तिचं प्रत्येक वाक्य वाचत होती, ती मधलंच नेमकं कसं सोडतील?

रविवारी ती घरापुरता भात चुलीवर ठेवून बसली होती. तेवढ्यात अंगणात आवाज झाला. बाहेर येऊन बघते तर साडीवर बूट घातलेली एक बाई, हातात संत्र्यांची पिशवी.

“चुलीपाशी तुम्हीच ना? मी पावसाळी चप्पल,” ती म्हणाली.

मागोमाग पांढऱ्या मिशांचे एक ताठ गृहस्थ आले. ते ‘दहावी नापास’ निघाले. तीस वर्षं मुख्याध्यापक होते. मग लातूरचं एक जोडपं आलं, मग कॉलेजातल्या पोरी, मग आणखी कोण कोण. सगळे अंबूबाईच्या पाया पडत होते, गोठ्यात जाऊन म्हशीला नावानं हाक मारत होते, आणि गुळाचा डबा कुठं आहे ते विचारत होते. मुख्याध्यापकांनी येताना अंबूबाईसाठी झेंडूचा हार आणला होता. त्यांनी तो सन्मानानं तिच्या गळ्यात घातला.

बरं, प्रकरण तेवढ्यावर थांबलं असतं तर ते भाजे कसलं? रविवार म्हणजे लेणी बघायला निम्मं पुणं लोटतं. एका घरापुढं चपलांचा ढीग बघून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, इथं घरगुती जेवण मिळतं आणि चांगलं मिळत असणार. दोन कुटुंबं हातपाय धुऊन सरळ ओट्यावर येऊन बसली. एकानं थाळीत काय काय आहे ते विचारलं. दुसऱ्यानं मुलाला तिखट कमी द्यायला सांगितलं.

यशोधरा आत पळाली. चुलीवर तिघांचा भात होता आणि बाहेर लग्नाचं वऱ्हाड. ओसरीवर भाताच्या वासाचं तिनं जे काही रसभरीत वर्णन केलं होतं, ते आता तिच्या अंगाशी आलं. दोन वर्षांत जोडलेली ही माणसं आज उपाशी परत जाणार, आणि चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या चुलीवर काही नव्हतं असं जगभर सांगणार. काय तोंड दाखवायचं? ती तांदळाच्या डब्याला टेकून मटकन खाली बसली.

तेवढ्यात मागच्या दारानं भिमाजी आत आला. हातात जाड फडकं होतं आणि कपाळावर घाम.

“बसलीस काय? पत्रावळ्या काढ,” तो म्हणाला. “भात झालाय.”

गोठ्यामागं ताडपत्रीच्या आडोशाला तीन दगडांच्या चुलीवर देवळाचं मोठं पातेलं चढलेलं होतं. जत्रेला आणि लग्नाला काढतात ते. शेजारी दुसऱ्या पातेल्यात पावट्याची आमटी रटरटत होती. भिमाजीनं शनिवारी रात्रीच भांडी आणून ठेवली होती. पावटे सोलायला गल्लीतल्या दोन बायका बोलावल्या होत्या, आणि यशोधराला संशय येऊ नये म्हणून देवळात भंडारा आहे असं त्यांना सांगून ठेवलं होतं.

“तुमाला कसं ठावं?” यशोधरानं विचारलं.

भिमाजी आमटी ढवळत राहिला. उत्तर अंबूबाईनं दिलं. ती गळ्यातला हार सावरत मागं आली होती.

“त्यो वाचतो अन् मी ऐकती,” ती म्हणाली. “रोज धारंच्या टायमाला. ओसरीवरचं खालचं लोकांचं लिवलेलंबी वाचून दावतो. येनारं सगळं त्यात लिवत व्हतं, म्हनून कळालं.”

दोन वर्षांचा तो अंगठा तिच्या डोळ्यांपुढून गेला.

“मग अंगठा कशाला देत व्हता लगेच?”

“अंगठा दिला की तू उठून कामाला लागतीस,” भिमाजी म्हणाला. “मंग निवांत वाचाया मिळतं.”

“एकदा सांगायचं तरी व्हतं मला.”

“सांगिटलं असतं तर तू आमच्यावर गोडगोड लिवाया लागली असतीस,” अंबूबाई म्हणाली. “त्यात काय मजा हाय? गुळाचं तेवढं लिवायचं न्हवतं.”

यशोधराला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. चुलीचा धूर होताच, त्यामुळं निभावून गेलं. मग तिनं पदर खोचला आणि पत्रावळ्या काढल्या.

पंगतीवर पंगत उठली. वाचकांनी लेख वाचतात तसाच भातही मन लावून खाल्ला. वाट चुकून आलेल्या पाहुण्यांनी तर जास्तच खाल्ला. त्यांना लेख माहीत नव्हता, पण भूक होती. एकानं जाताना बिल मागितलं. मुख्याध्यापकांनी त्याला शिक्षकी आवाजात सांगितलं की बिल नाही, घरी जाऊन लेख वाचायचा आणि त्यावर चार ओळी लिहायच्या. तो माणूस मान डोलावत गेला.

संध्याकाळच्या गाडीनं मंडळी परतली, तेव्हा दोन्ही पातेली तळापासून खरवडलेली होती. आमटीचा थेंब नव्हता. घरच्या तिघांचा भातही कधीच पानात गेला होता. सकाळपासून घरातल्या तिघांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि आता चूल पेटवायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं. यशोधरानं फोन तांदळातून काढला, पुसला, आणि पावसाळी चप्पलनं पाठवलेला एक सुंदर फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. मधोमध अंबूबाई, गळ्यात झेंडूचा हार, भोवती माणसांची गर्दी. खाली तिनं दिवसभराची सगळी हकिगत लिहिली.

दोन मिनिटांत पहिले हात जोडले गेले. मग दुसरे, मग तिसरे. त्याखाली हौशीरामचा निरोप आला. भिमाजीनं चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला.

“‘मागच्या खेपेला गडबड झाली व्हती, पन या खेपेला हार बगितला. लय वाईट झालं. डबा घिऊन निगालोय.’”

यशोधरानं कपाळावर हात मारला आणि त्याला फोन लावायला घेतला. अंबूबाईनं तिचा हात धरला.

“कशाला अडवतीस?” ती म्हणाली. “येऊंदे त्याला. पिठल्यात मीठ तेवढं बगून घाल म्हनावं.”