जेवायला थांबलोय

"पत्रिका आहे का शेअर रिक्षा? किती जणांना कोंबणार?"

मी दुकानाच्या पायरीवर होते. आत गायकवाड काका कोलशेतहून आलेल्या एका नवरदेवाच्या वडिलांना ऐकवत होते. त्यांना एका पत्रिकेत चार फॉन्ट हवे होते. काकांनी दोनच दिले. "हा जाड्या जेवून आलाय, ह्याला 'मंगल परिणय' उचलू दे. पत्ता ह्या बारक्याला द्या."

ठाण्यात, कोपरीला आमच्या बिल्डिंगखाली काकांचं टायपिंगचं आणि पत्रिकांचं दुकान आहे. फॉन्ट म्हणजे त्यांच्या लेखी माणसंच. नवा फॉन्ट ते 'इन्स्टॉल' करत नाहीत, बसवतात. मग काही गरज नसताना कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करतात. "प्रवासातून आलाय, टेकू दे जरा." तोवर गिऱ्हाइकानेही बोलायचं नाही. मग परीक्षा. कुठलाही फॉन्ट असो, काका एकच ओळ टाइप करतात:

प्रज्ञा, घरी ये. जेवायला थांबलोय.

कोणी विचारलंच तर म्हणायचे, "जोडाक्षरं आहेत ना. प्र आणि ज्ञ जमले की पोरगा पास."

माझी शाळा इंग्रजी. आईला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा, तेव्हा मी दप्तर मांडीवर घेऊन काकांच्या स्टुलावर बसायचे. मराठी भराभर वाचायला मी त्या ओळीवर शिकले. गोल अक्षरात, तिरक्या अक्षरात, पावासारख्या फुगलेल्या अक्षरात, पण ओळ तीच. कितीतरी दिवस मला वाटायचं, ज्ञ हे अक्षर फक्त प्रज्ञासाठीच केलंय. ती कोण, हे मी कधी विचारलं नाही. मी तशी कमीच बोलते. काकांना ते बरं वाटायचं. "तनू फॉन्टला डिस्टर्ब करत नाही."

परवा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. नवा आणल्यावर काकांनी मला खाली बोलावलं. मी त्यात आजकालचे फॉन्ट टाकले, सगळे निवडून एका क्लिकवर. काकांचा चेहरा पडला.

"एवढे पाहुणे एकदम? कुणाला पाणी तरी विचारलंस?"

आणि एकेका फॉन्टमध्ये ती ओळ टाइप करायला बसले.

काकू चहा घेऊन आल्या. स्क्रीनकडे बघून मला म्हणाल्या, "बघ. जगाच्या पत्रिका केल्या ह्यांनी. लेकीने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं, तर तिची करायला नाही म्हणाले. ती गेली ती आलीच नाही. कल्याणला तर राहते. मी फोन करते म्हणून खुशाली तरी कळते."

काकांनी मान वर केली नाही. "ही ओळ पाठवणार होतो मी तिला. पण तिच्याकडे आपला फॉन्ट कुठेय? तिला नुसता कचरा दिसला असता."

खोटं नव्हतं ते. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं, की भलतीच चिन्हं दिसायची. पण त्या एवढ्या कारणावर काका इतकी वर्षं टेकून बसले होते.

चहावर साय आली. काकांनी पुढचा फॉन्ट निवडला आणि पुन्हा प्र टाइप केला. काकू कपबशी उचलायला वाकल्या. मी खिशातला फोन काढला, परत ठेवला, परत काढला.

"काका," मी म्हणाले, "ह्या नव्या फॉन्टमधलं कुठल्याही फोनवर वाचता येतं. पाठवू?"