साध्या पाण्याचे उंदीर

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिगृहात चोवीस उंदरांनी शिस्तभंग केल्याची बाब हुस्ना नदाफच्या लक्षात आली, ती एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता.

हुस्नाची पीएच.डी. पाच वर्षं चालू होती. प्लास्टिकमधून पाझरणारं एक रसायन शरीरात शिरून संप्रेरकाचं सोंग घेतं. अवयव त्या सोंगाला फसतात का, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी उंदरांचे दोन गट केले होते. एका गटाला पाण्यातून रसायन द्यायचं, दुसऱ्याला नुसतं साधं पाणी, कारण तुलनेला कुणीतरी धडधाकट लागतं. या धडधाकट गटाला कंट्रोल ग्रुप म्हणतात. नव्वद दिवसांनी तिनं अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. रसायनवाल्या नरांची प्रोस्टेट ग्रंथी फुगली होती, वृषणातल्या नळ्या ओस पडल्या होत्या, माद्यांच्या गर्भाशयाचं अस्तर जाड झालं होतं. हे अपेक्षितच होतं. मग तिनं साध्या पाण्याच्या उंदरांचे काप लावले. तिथंही तेच. थोडं कमी, पण तेच.

हुस्नानं आधी भिंग पुसलं, मग चष्मा पुसला आणि शेवटी मार्गदर्शकांकडे गेली.

"कंट्रोल ग्रुपला हे शोभत नाही," डॉ. धैर्यशील इंगवले गंभीरपणे म्हणाले. "कंट्रोल ग्रुपनं कंट्रोलमध्येच राहायला पाहिजे. ह्यांना कुणीतरी काहीतरी पाजलंय."

प्राणिगृहाची किल्ली ज्याच्या कमरेला, तोच हा कुणीतरी असणार, हे उघड होतं. मौलाचाचा तिथं सव्वीस वर्षं उंदरांचं खाणंपिणं बघत होते आणि निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्यांना नोटीस निघाली: 'आपण साध्या पाण्याच्या गटास अन्य द्रव्य पाजले, सबब आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये?'

चाचा नोटीस घेऊन हुस्नाकडे आले.

"पोरी, पेन्शनीच्या तोंडावर ह्येनी मला उंदरास्नी इख घातल्याचा आरोप लावला. माझ्या पोरांस्नी कधी एवढ्या येळेवर पाणी पाजलं न्हाय गं मी."

"चाचा, मला ठाऊक हाय. मी बघते."

चौकशी समिती बसली. अध्यक्षस्थानी महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे संचालक गणपतराव. त्यांचा उंदरांशी संबंध शेतापुरता होता, पण तो पिढीजात होता.

"बाटल्या कशानं धुतोस रं?" त्यांनी दरडावून विचारलं.

"परिपत्रकापरमाणं, सायेब. उकळतं पाणी, सोडा आन घासणी. दिवसातनं दोन येळा. एक दिस खाडा न्हाय."

हुस्ना उठून उभी राहिली. "साहेब, तिथंच घोळ हाय. बाटल्या प्लास्टिकच्या. त्याच रसायनापासनं केलेल्या. जुन्या झाल्या, उकळल्या, घासल्या, की ते पाण्यात उतरतं. चाचांनी जेवढ्या इमानानं धुतलं तेवढं जास्त उतरलं."

समितीनं नोंद घेतली: 'कर्मचाऱ्याने परवानगीवाचून अतिरिक्त निष्ठा दाखवल्याचे दिसते.'

हुस्नानं तीन महिने मागून घेतले. नवे उंदीर, पोलादी पिंजरे, काचेच्या बाटल्या. चाचांनी पुन्हा तितक्याच निष्ठेनं धुवायला सुरुवात केली. काचेची त्याला काही हरकत नव्हती. नव्वद दिवसांनी साध्या पाण्याचे उंदीर आतून बाहेरून लख्ख निघाले. चाचांवरचा ठपका गेला. त्या दिवशी ते प्राणिगृहाच्या पायरीवर बसले. हुस्ना शेजारी बसून राहिली.

समितीची पुढची बैठक जेवणासकट झाली. गणपतराव खुशीत होते. "उंदरांच्या तब्येतीशी खेळ नको. हितनं फुडं समद्या उंदरांस्नी काच आन पोलाद." ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. तेवढ्यात तांबडा रस्सा आला. प्लास्टिकच्या पिशव्यांतून, वाफाळता, गाठ मारलेला.

"साहेब," हुस्ना म्हणाली, "हा रस्सापण कडकडीत हाय. आणि पिशवी..."

सगळे थांबले. गणपतरावांनी पिशवीकडे पाहिलं, मग आतल्या तवंगाकडे पाहिलं.

"उंदराचं पोट न्हान असतंय," ते म्हणाले आणि गाठ सोडली.

पण हुस्ना हटेना. माणसांचीही तपासणी करू द्या, म्हणून तिनं अर्ज केला. डॉ. इंगवल्यांनी तो शास्त्राला धरून मंजूर केला. अट एकच होती. तुलनेसाठी चोवीस माणसं आण. ज्यांनी प्लास्टिकमधलं कधी काही खाल्लं-प्यालं नाही अशी.

हुस्ना दोन महिने हिंडली. शिरोली एमआयडीसीत एक कामगार घरचाच डबा खाणारा सापडला. डबा स्टीलचा होता, झाकण मात्र प्लास्टिकचं. कळंब्याला एक पहिलवान फक्त म्हशीचं ताजं दूध पिणारा निघाला; दूध घरी पिशवीतून येत होतं. शेवटी कुणीतरी कागलजवळच्या मळ्यातल्या चिमणाबाईंचं नाव सांगितलं. वय चौऱ्याऐंशी, घरची विहीर, घरची गाय, चुलीवरची भाकरी.

"पल्याष्टिक?" चिमणाबाईंनी नाक मुरडलं. "मला त्येचा वास बी सोसत न्हाय बाई. घरात शिरू देत न्हाय मी."

हुस्नाचा ऊर भरून आला. तिनं वहीत 'एक' हा आकडा लिहिला. चोवीसातला पहिला. तेवढ्यात सुनेनं तांब्या भरून आणला. हुस्नाची नजर तिच्या मागं, कोपऱ्यातल्या निळ्या घागरीवर गेली.

"आजी, घागर तांब्याची न्हाय?"

"ती मोडीत घातली की. लई जड. कंबर धरायची."

"आणि ही?"

"ही व्हय? ही फायबर हाय," आजी अभिमानानं म्हणाल्या. "पल्याष्टिक न्हवं."

हुस्नानं वहीतला 'एक' खोडला. पाणी मात्र प्यायली. उन्हातून आली होती.

तिनं शून्याचा अहवाल सादर केला. डॉ. इंगवल्यांनी तो पायरीपायरीनं समजावून दिला. "कंट्रोल नाही म्हणजे तुलना नाही. तुलना नाही म्हणजे फरक नाही. फरक नाही म्हणजे अपाय सिद्ध होत नाही."

"मग ही चांगली बातमी हाय की!" गणपतराव म्हणाले. "पेढं सांगा."

"पण सर," हुस्ना म्हणाली, "तुलनेला कुणीच उरलं नाही, ह्याचा अर्थ रसायनाच्या गटात सगळा जिल्हा आला."

"नमुना मोठा आहे," डॉक्टर कौतुकानं म्हणाले.

"आणि माणसावर प्रयोग करायचा तर प्रत्येकाची लेखी संमती लागते."

समिती पहिल्यांदाच अस्वस्थ झाली. उंदरांची संमती लागत नाही, हा उंदरांचा मोठा गुण सगळ्यांना त्या क्षणी जाणवला. मग गणपतरावांनी टेबलावर थाप मारली.

"बाटलीचं टोपण कोण उघडतंय? ज्येचं त्यो. आमी कुणाचा हात धरलाय?"

तसा ठराव झाला: 'स्वहस्ते टोपण उघडणे ही लेखी संमती समजण्यात यावी.'

हुस्नाला पीएच.डी. मिळाली, फक्त उंदरांपुरती. चाचा पूर्ण पेन्शनीवर निवृत्त झाले. सहभागी व्यक्तींची नोंदवही करायचं काम मात्र हुस्नाकडेच आलं. तिनं पहिलं नाव स्वतःचं लिहिलं, मग चाचांचं, चिमणाबाईंचं, समितीतल्या एकेकाचं. पुढं लिहिता लिहिता वही संपली, तेव्हा कार्यालयानं कळवलं की यापुढं नावं लिहिण्याची गरज नाही, सर्वांना सरसकट धरावं.

त्यामुळे तुम्हीही त्यात आहात. घाबरण्याचं काहीच कारण नाही. तुमची प्रकृती बाकी सगळ्यांसारखीच आहे.