दाविदभाऊंची खुडूक कोंबडी

दाविदभाऊ कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बसले होते आणि कोंबडी त्यांच्या मनगटावर चोचीनं टोचत होती. तरी हात काही निघत नव्हता. कुंपणापलीकडून मी विचारलं, "काय करून राहिले, दाविदभाऊ?"

वर न बघता ते म्हणाले, "वचन तपासून राहिलो."

जवाहरनगरच्या फॅक्टरीत दाविदभाऊ तपासनीस होते. तयार झालेला नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. हे करता करता त्यांचा स्वभावच तसा होऊन गेला. ख्रिस्ती माणूस, रोज सकाळी शास्त्र वाचणारा. देवाच्या जवळ राहण्याबद्दल शास्त्रात जे जे दाखले आहेत, कुठे मेंढपाळ, कुठे वेल, कुठे पंख, ते सगळे त्यांना स्वतः करून बघायचे असत. भंडाऱ्याचे पाळकसाहेब समजावत, "अरे दाविद, हे रूपक आहे. त्याचा अर्थ घ्यायचा." दाविदभाऊ नम्रपणे मान डोलावत आणि म्हणत, "हो साहेब. पण रूपकालेबी माप असते."

तहानलेलं हरीण पाण्यासाठी तळमळतं तसा जीव देवासाठी तळमळतो, असं एका स्तोत्रात आहे. झालं! भर मे महिन्यात रजा टाकून दाविदभाऊ जंगलातल्या एका तलावाकाठी झाडावर चढून बसले. सोबत पाणी नेलं नाही, कारण हरीणही नेत नाही. दुपार कलली तरी हरणाचा पत्ता नव्हता आणि यांची जीभ टाळूला चिकटलेली. शेवटी एक म्हैस आली. ती पाण्याला तोंड लावायच्या आत दाविदभाऊंनी झाडावरून उतरून लावलं. संध्याकाळी लाल तोंडानं घरी आले ते ओरडतच, "पास!"

"हरीण दिसलं?" मी विचारलं.

"हरीण कायले पाह्यजे गा? मीच हरीण झालो ना!"

पुढे आठवडाभर फॅक्टरीच्या बसमध्ये मी ही गोष्ट सांगत होतो. असा माणूस फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या दुसऱ्या कुठल्या लाइनीत नव्हता, आणि आमच्या लाइनीत आहे याचा तोरा आम्ही सगळेच मिरवत होतो. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात हे त्यांनी शहापूरच्या रस्त्यावर शेळ्यांवर पास करून घेतलं होतं. त्यांनी घसा सुकेपर्यंत हाका मारल्या, शेळ्या चरत राहिल्या. गुराख्यानं एकदा जीभ वाजवली आणि सगळ्या निघाल्या. द्राक्षवेलीचं वचन मात्र अडून होतं. द्राक्षं आम्ही बाजारात बघितलेली, वेलीवर कधी नाही. "थे पेंडिंग ठेवलं," ते गंभीरपणे सांगत.

त्यांची बायको म्हणजे मार्थावहिनी. प्रार्थनेत पहिलं गीत त्यांनीच उचलायचं, असा रिवाजच पडला होता. त्या वर्षी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. वहिनींनी गाणं सोडलं, रविवारी चर्चला जाणं सोडलं. माझी बायको समजवायला गेली तेव्हा म्हणाल्या, "आता नुसता अंधार हाये वो बाई. देव काही दिसत नाही. दूर चालला गेला तो."

दाविदभाऊंचं खाणंपिणं उतरलं. याच सुमारास ते अंगणात डोळे मिटून चालायला लागले. एकदा आमच्या कपडे वाळवायच्या तारेच्या खांबावर आदळले आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. अंधाऱ्या दरीतून चालण्याचं वचन चाललं असणार, असं समजून आम्ही हसलो. मग एक दिवस शहापूरच्या बाजारातून ते खुडूक कोंबडी आणि टोपलीभर अंडी घेऊन आले. देव आपल्याला पंखांखाली घेतो, असं वचन आहे. तेच आता गेजला लागणार होतं.

पिल्लं निघाली, थंडी पडली, आणि त्या सकाळी मी सुरुवातीला सांगितलेला प्रकार चालला होता. एकाएकी दाविदभाऊ ओरडले, "मार्था! ये इकडे, लवकर!"

वहिनी भिंत चाचपत आल्या. त्यांनी वहिनींना खाली बसवलं, त्यांचा हात हळूच कोंबडीखाली सारला आणि आपला हात कोंबडीच्या चोचीपुढे धरला, म्हणजे टोचायचं तर तिथे टोचावं.

"काय लागते हाताले?"

"गरम हाये. पिल्लं हायेत जी."

"भेऊन राहिले काय?"

"नाही. झोपले."

"त्याईले माय दिसते काय?"

वहिनींनी एकेक पिल्लू बोटांनी चाचपलं. मग हलकेच म्हणाल्या, "कुठून दिसन जी? पंखाखाली अंधारच तर हाये."

"मंग माय दूर गेली काय?"

वहिनी हात तसाच ठेवून रडायला लागल्या. कोंबडी दाविदभाऊंना टोचत होती. ते जागचे हलले नाहीत.

नाताळाला आम्हाला दरवर्षी बोलावणं असे. त्या सकाळी वहिनी नवऱ्याचा दंड धरून चर्चमध्ये आल्या आणि पहिलं गीत त्यांनी उचललं. काय आवाज लागला! माझी छाती फुगली. शेजारच्या अनोळखी माणसाला मी दोनदा सांगितलं, "आमच्या लाइनीतल्या आहेत." दाविदभाऊ त्यांच्याजवळ डोळे मिटून उभे होते. गीत संपलं, उपदेश संपला, सगळे उठले, तरी यांचे डोळे मिटलेलेच.

बाहेर आल्यावर मी चिडवलं, "झोपले होते काय, दाविदभाऊ?"

"नाही गा. मार्था अंधारात एकटीच राहते. म्हटलं, आपणबी तिथं जाऊन बसू."

मला तारेचा खांब आठवला. "म्हणजे ते अंगणातलं चालणं..."

"थे बी हेच होतं. पण घरी मले जमे नाही. जरा भेव वाटला का मी डोळे उघडून टाको. तिले तसं करता येत नाही ना!" वहिनी पायऱ्या उतरत होत्या, त्यांना हात द्यायला ते पुढे झाले. "आज नाही उघडले," जाता जाता ते म्हणाले. "ती गाऊन राहिली होती."