डाव्या हाताच्या चिठ्ठ्या

सचोटीच्या बाबतीत आपला हात धरणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी छातीठोक सांगतो! म्हणून तर आमच्या मसाला कारखान्यात तक्रार पेटी आली तेव्हा तिची किल्ली मॅनेजर भैयाजींनी माझ्या, म्हणजे स्टोअरकीपरच्या, हातात ठेवली.

"गजेंद्रभाऊ, आजपासून तुमी नीती अधिकारी! तसंही तुमाले घरी जायाची घाई नसते."

खरंच होतं ते. लेकीच्या, आचलच्या, बाळंतपणाला बायको पुण्याला गेली, त्याला तीन वर्षं झाली. नातू बालवाडीत जायला लागला, बायको अजून तिकडेच! सिंदी मेघेच्या घरात मी आणि फ्रिज. दोघांत आवाज करतो तो फक्त फ्रिज.

आमचा मसाला परदेशी जातो. तिकडच्या ग्राहकाची अट होती, की कामगाराला नाव न सांगता तक्रार करता आली पाहिजे. दर शनिवारी मी पेटी उघडायची आणि नागपूर ऑफिसच्या सोनम मॅडम फोन करतील तेव्हा त्यांना सांगायचं.

पहिल्या शनिवारी पेटीत एक पाल निघाली.

"तक्रारी किती?"

"शून्य, मॅडम."

"ओके." खट्!

दुसऱ्या शनिवारी तर पालही नाही. "शून्य." खट्! अहो, 'कर्ज हवं का' विचारणाऱ्या पोरी सोडल्या तर आठवड्यात मला येणारा तो एकच फोन, आणि तो एक शिंक पूर्ण व्हायच्या आत संपायचा!

तिसऱ्या शनिवारी मी डाव्या हातानं चिठ्ठी लिहिली आणि पेटीत टाकली. 'डबा खायच्या खोलीतला पंखा फिरत नाही.' खरंच फिरत नव्हता, हं! मॅडम सात मिनिटं बोलल्या. कोणता पंखा, कधीपासून बंद, किती जण बसतात. शेवटी म्हणाल्या, "तुमच्याकडे ऊन फार असेल ना? काळजी घ्या."

काळजी घ्या! दिवसभर मी मिरचीच्या पोत्यांकडे बघून हसत होतो.

पुढच्या शनिवारी संडासाची तुटकी कडी लिहिली. त्यानंतर विषयच संपले, तेव्हा मनातलं कागदावर उतरलं. 'पॅकिंगच्या शकुंतलाबाई सगळ्यांना जेवायला बोलावतात. एका माणसाला मुद्दाम बोलावत नाहीत.'

मॅडमचा आवाजच बदलला. "गजेंद्रजी, हा तर भेदभाव आहे!"

"नाही, म्हणजे, तसं काही एवढं..."

"कोणाला घाबरू नका तुम्ही!"

सोमवारी नागपूरहून गाडी आली. दोन साहेब उतरले. पॅकिंगच्या चौदा बायांना एकेकीला आत बोलावलं. "तुम्हाला कधी जेवायला बोलावत नाहीत, असं झालंय का?"

रामबाई म्हणाली, "गुरवारी नाई बोलावत. माहा उपास असते."

साहेबांनी लिहून घेतलं, 'कामगार उपाशी!'

संध्याकाळपर्यंत शकुंतलाबाईंना चौकशीच्या नावाखाली घरी बसवलं होतं. बावीस वर्षांची नोकरी. डबा पोटाशी धरून त्या फाटकाबाहेर गेल्या, कोणाकडे न बघता.

मी धावत भैयाजींना गाठलं. "भैयाजी, चिठ्ठ्या मीच लिहिल्या!"

त्यांनी आधी दार लावलं. "कोणाले सांगतलं?"

"अजून कोणाला नाही."

"मंग सांगूच नका! ग्राहक लय खूश आहे. म्हणते, कारवाई करणारी कंपनी आहे! बाईले घेऊ वापस, दोन-चार महिन्यानं."

"पण त्यांनी काही केलंच नाही!"

"अन् तुमची नोकरी गेली म्हंजे?"

दोन दिवस मी गप्प बसलो. होय, जिल्ह्यातला सर्वांत सचोटीचा माणूस दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला! तिसऱ्या दिवशी मीच सोनम मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "पण का, गजेंद्रजी?"

तुम्ही बोलायच्या म्हणून, हे कसं सांगायचं? "चुकलं," एवढंच म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. परत कधी आला नाही.

किल्ली गेली. मला पंधरा दिवस घरी बसवलं आणि शकुंतलाबाईंना परत बोलावलं. तो निरोप आणि माझी कबुली घेऊन मीच त्यांच्या गावी, नाचणगावला गेलो. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. उठल्या नाहीत.

"काऊन लिहिलं जी माह्यावर?"

"तुम्ही मला कधी जेवायला बोलावलं नाही."

सूप थांबलं. "भाऊ, जेवाच्या सुट्टीत तुमीच तं स्टोअरची आतून कडी लावून घेता! आमाले वाटे, साहेब माणूस, आपल्यात कायले बसन?"

"अहो, दळणाच्या खोलीतून मिरचीचा ठसका येतो! म्हणून लावतो!"

"एवढी वर्षं?"

"एकोणीस."

त्या हसल्या नाहीत. पाखडता पाखडता म्हणाल्या, "येजा मंग."

पंधरा दिवसांनी डबा घेऊन मी जेवायच्या खोलीत पाऊल टाकलं, तर चौदा बायांच्या गप्पा फटकन बंद! पोळीचे घास हातातल्या हातात. आता कोपरा गाठून भिंतीकडे तोंड करावं, असा विचार करतोय तोच शकुंतलाबाईंनी सरकून जागा केली आणि माझ्या झाकणात वांग्याची भाजी वाढली.

"खाऊन पाहा. अन् मीठ कमीजास्त असन तं तोंडानं सांगजा, भाऊ. लिहू नका!"

सगळ्या खो-खो हसल्या.

मीठ चिक्कार होतं. "एकदम बरोबर!" मी म्हणालो, आणि त्यांनी आणखी वाढली.