एकाच पत्त्यावरील पक्षकार

मुलाला आई आणि वडील दोघेही मिळाले पाहिजेत, याबद्दल कायद्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. ते किती वाजता मिळाले पाहिजेत, एवढाच काय तो प्रश्न असतो. तो सोडवण्यासाठी कौटुंबिक न्यायालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे, भेट कक्ष क्रमांक तीन आहे. (एक आणि दोन कधी बांधलेच गेले नाहीत. पण मोजणी तीनपासून सुरू केली की खात्याची प्रगती झालेली दिसते.)

कक्षात एक निळा गालिचा, तीन फुटी प्लॅस्टिकची घसरगुंडी, एक हात गमावलेली बाहुली आणि चाकं नसलेल्या दोन मोटारी आहेत. एका भिंतीत मोठी काच आहे. काचेच्या अलीकडे टेबलखुर्ची टाकून निरीक्षक बसतात. वेगळे झालेले आईबाप ठरलेल्या दिवशी दोन तास आपल्या मुलाला इथे भेटतात आणि त्या दोन तासांत ते आईबापासारखे वागतात की नाही, हे निरीक्षक लिहून घेतात. गेली सतरा वर्षं हे काम एकच गृहस्थ करत आले आहेत. वेळ संपली की ते काचेवर दोन टिचक्या मारतात, म्हणून मुलं त्यांना घड्याळकाका म्हणतात. हुद्द्याने ते सहायक निरीक्षक (वात्सल्य) आहेत. मुख्य निरीक्षकाचं पद मंजूर आहे, पण भरलेलं नाही.

घड्याळकाका भारी काटेकोर माणूस. वात्सल्य नोंदपत्रकाचे बावीस रकाने त्यांना तोंडपाठ होते. मुलाने विचारलेले प्रश्न, त्यांतल्या किती प्रश्नांना उत्तर मिळालं, किती प्रश्नांना 'बघू' असं मिळालं (याला उत्तर धरत नाहीत), पालकाची पाठ मुलाकडे एका मिनिटापेक्षा जास्त होती काय, हसणं (मोठ्याने आणि गालातल्या गालात, वेगवेगळं मांडावं), रडणं (कोणाचं ते लिहावं). मोबाइल दाराशी असलेल्या लाकडी खणात ठेवून आत जायचं. 'अभ्यास कसा चाललाय?' हा प्रश्न संभाषण म्हणून मोजला जात नाही, अशी तळटीप खुद्द घड्याळकाकांनी सुचवली होती. वरिष्ठांनी ती जशीच्या तशी मान्य केली. त्या दिवशी त्यांनी घरी जाताना पेढे नेले होते.

सतरा वर्षांच्या नोंदींतून त्यांनी एक टिपण तयार केलं, ते खात्यात अजूनही वाचलं जातं. वेगळं होण्याआधी शंभरपैकी चौतीस वडिलांना आपलं मूल कितवीत आहे ते सांगता आलं. तुकडीसकट सांगणारे अकरा. दोघांनी शाळा सोडून गेलेल्या थोरल्याची इयत्ता सांगितली. भेटीचा आदेश निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यापर्यंत शंभरपैकी सत्त्याण्णव वडिलांना कोणता दात हलतोय, बाकावर शेजारी कोण बसतं आणि तिच्याशी सध्या कट्टी का आहे, हे सगळं ठाऊक झालेलं होतं. (उरलेल्या तिघांचं मूल बोलण्याच्या वयाचं नव्हतं.) यावरून टिपणात असा निष्कर्ष काढला होता, की मुलांच्या संगोपनाला घटस्फोटाइतका पोषक दुसरा उपाय सध्या तरी उपलब्ध नाही.

लिफ्ट दुरुस्त करणारा एक बाप होता, तो या निष्कर्षाचा चालताबोलता पुरावा. संसार चालू असताना हा माणूस घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा. आता दर शनिवारी हातावरचं ग्रीस घासूनपुसून दहा मिनिटं आधी दारात हजर. आत गेला की गालिच्यावर फतकल मारून बसायचा आणि सहा वर्षांची पोर त्याच्या डोक्याला अकरा क्लिपा लावायची. त्या क्लिपा तशाच ठेवून तो पुढच्या कामावर जायचा. घड्याळकाका त्याच्या पत्रकात अक्षर जरा वळणदार काढत. असा बाप बघितला की त्यांचे डोळे भरून यायचे. चष्मा पुसायला लागायचा, त्याचीही वेळ ते लिहून ठेवत.

शनिवारी घड्याळकाकांची बायको जादा तासिका घ्यायला शाळेत जायची. ती गणिताची शिक्षिका होती. त्यामुळे त्यांची एकुलती एक लेक, वय वर्षं अकरा, दर शनिवारी बापाबरोबर न्यायालयात यायची आणि काचेसमोरच्या बाकावर बसायची. पाच वर्षांची होती तेव्हापासून हा रिवाज. बाकावर बसून ती चित्रं काढायची, पुस्तक वाचायची, आणि मधूनमधून 'बाबा, ऐका ना' म्हणायची. घड्याळकाका काचेवरची नजर न काढता 'थांब, काम चाललंय' म्हणायचे. ते खरंच होतं, काम चाललेलं असायचं. आतल्या मुलाचा एखादा प्रश्न नोंदायचा राहिला असता तर त्यांना रात्रभर चैन पडलं नसतं.

घरीही ते बेफिकीर होते असं कोणी म्हणू नये. आठवड्याची पत्रकं ते जेवणाच्या टेबलावर पसरून तपासत. लेक शेजारी बसून जेवायची. 'हे बघ, या आईने दोन तासांत एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही,' असं कौतुकाने तिला सांगायचे आणि पान उलटायचे.

न्यायालयात वाढलेल्या मुलाला अर्ज लिहायला शिकवावं लागत नाही. भेटीच्या अर्जाचा नमुना सात खिडकीवर फुकट मिळतो. लेकीने तो एका शनिवारी आणला, स्वच्छ अक्षरात भरला, आणि पालकाच्या सहीसाठी सहलीचं संमतिपत्र, वह्यांची यादी आणि वैद्यकीय तपासणीचा कागद यांच्या मधोमध घालून बापापुढे ठेवला. घड्याळकाकांनी चारही ठिकाणी सही केली. दुसऱ्याच्या कागदातला स्वल्पविराम तपासणारा हा माणूस लेकीच्या कागदांवर मात्र डोळे मिटून सही करायचा. याला तो विश्वास म्हणायचा.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज दाखल करून घेतला. सगळे रकाने भरलेले, सही असलेला, खाडाखोड नसलेला अर्ज त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आला होता. तो परत करायला त्याचं मनच होईना.

अर्जात लिहिलं होतं: 'प्रतिवादी (वडील) हे अर्जदाराच्या घरी रोज मुक्कामास असतात. तथापि भेट होत नाही. मागील भेटीचा दिनांक: पाय मुरगळला होता तेव्हा. ठिकाण: दवाखान्याचा बाक. कालावधी: सव्वा तास. शेरा: प्रतिवादींचा मोबाइल बंद पडला होता. फार मजा आली. तरी वेगळ्या झालेल्या आईवडिलांच्या मुलांना मिळतात तसे आठवड्याला दोन तास मलाही मिळावेत, ही विनंती.'

नोटीस घड्याळकाकांना त्यांच्याच टेबलावर मिळाली. आधी त्यांना वाटलं, शिपायाने चुकीच्या टेबलावर ठेवली. मग पत्ता वाचला. मग अर्जदाराचं नाव वाचलं, आणि खाली पालकाची सही बघितली. सही अस्सल होती. त्या शनिवारी सतरा वर्षांत प्रथमच एका पत्रकाचे सहा रकाने कोरे राहिले.

सुनावणीला न्यायाधीशबाईंनी अर्ज दोनदा वाचला. घड्याळकाका स्वतःच स्वतःच्या बाजूने उभे राहिले. आपण बाप आहोत, एकाच घरात राहतो, तेव्हा भेटीचा आदेश मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असं त्यांनी घसा साफ करून सांगितलं. कायद्याने भेट मिळते ती वेगळे राहणाऱ्या पालकाची.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्ही तिच्यापासून किती अंतरावर राहता.

"एका भिंतीच्या, बाईसाहेब."

"कायद्यात 'वेगळे राहणारे' एवढंच आहे. किती फूट वेगळे, ते लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि अर्जदाराकडे वळल्या. अर्जदाराची मान पिंजऱ्याच्या कठड्याच्या वर जेमतेम येत होती.

"मी सहा वर्षं त्या बाकावर बसते," लेक म्हणाली. "बाबा दोन तास काचेतून दुसऱ्यांच्या मुलांकडे बघतात. कोण किती वेळा हसलं तेसुद्धा लिहितात. मी काचेच्या अलीकडे असते, म्हणून माझं काही लिहीत नाहीत. मला एकदा आत बसायचंय."

घड्याळकाकांकडे याला उत्तर तयार होतं. ते कायदेशीरदृष्ट्या बिनतोडही होतं. पण तोंड उघडल्यावर त्यांना रडू आलं, आणि लघुलेखकाने प्रामाणिकपणे तेवढंच टिपून घेतलं.

अर्जदाराच्या आईला तिचं म्हणणं विचारलं. तिने अर्जाला संपूर्ण पाठिंबा दिला. आपणही किती दिवस यांना हेच सांगतोय, पण आपल्याला नमुना सात माहीत नव्हता, असं ती म्हणाली. त्यावर लेकीने अगदी मायेने तिचा हात धरला आणि सांगितलं, "आई, तुझा अर्ज दप्तरात आहे. तुझा नंबर पुढच्या महिन्यात."

आदेश झाला. दर शनिवारी दोन तास, भेट कक्ष क्रमांक तीन. मात्र एक तांत्रिक अडचण उभी राहिली. स्वतःचं वात्सल्य स्वतः तपासता येत नाही, आणि दुसरा निरीक्षक खात्यात नाही. तेव्हा कामाचा अनुभव आणि स्वच्छ पूर्वेतिहास लक्षात घेऊन लिफ्टवाल्या बापाची त्या दोन तासांपुरती हंगामी निरीक्षक म्हणून नेमणूक करण्यात आली. तो वेळेआधी दहा मिनिटं आला. डोक्याला क्लिपा होत्याच.

घड्याळकाकांनी मोबाइल खणात ठेवला, आत गेले, आणि घसरगुंडीशेजारी दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. सतरा वर्षं ज्या खोलीचा कोपरान्‌कोपरा पाठ, तिच्यात बसायचं कुठे ते त्यांना कळेना. लेक गालिच्यावर बसली. चार मिनिटं त्यांनी घसरगुंडीच्या पायऱ्या मोजल्या. पत्रकात चारही नोंदली गेली.

मग ते म्हणाले, "अभ्यास कसा चाललाय?"

काचेपलीकडे लिफ्टवाल्याने वाईट वाटून मान हलवली आणि रकाना कोरा सोडला.

घड्याळकाकांनी आठवून आठवून पुढचा प्रश्न काढला. इतरांच्या बाबतीत तो हमखास चालायचा.

"कोणता दात हलतोय सध्या?"

"सगळे पडून आले बाबा. मागच्या वर्षीच."

घड्याळकाका मटकन खाली बसले. दुधाचे वीस दात त्यांच्या घरात, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर हलले, पडले, नवे आले, आणि त्या काळात त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांचे तीनशे चाळीस दात तारखेनिशी नोंदवले होते. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. लेकीला त्यांची दया आली असावी, कारण ती सरकून जवळ बसली आणि शेवटची दाढ कशी पडली ते सांगू लागली. ती सफरचंदात अडकून पडली होती. सफरचंद वर्गातल्या दुसऱ्याच मुलीचं होतं, आणि त्या मुलीने दाढ परत द्यायला साफ नकार दिला. तो वाद अजून मिटलेला नव्हता. घड्याळकाकांनी ताबा नेमका कोणाकडे आहे, कधीपासून आहे, साक्षीदार कोण, सगळं खोदून खोदून विचारलं. पत्रकात त्या दिवशी मोठ्याने हसणं सात वेळा लागलं आहे. त्यांतलं एक निरीक्षकाचं होतं, ते नंतर खोडलं.

दोन तास झाले, पण टिचक्या मारणारा माणूस आतच असल्यामुळे कोणाला वेळेचं भान राहिलं नाही. भेट चाळीस मिनिटं लांबली. बाहेर रांगेत बसलेल्या एका घटस्फोटित जोडप्याने याबद्दल संयुक्त तक्रार केली. लग्न मोडल्यापासून त्यांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ, म्हणून ती तक्रार खात्याने जपून ठेवली आहे.

अशी बातमी लपून राहत नाही. लेकीच्या वर्गातून पुढच्या आठवड्यात नऊ अर्ज आले, तिसऱ्या आठवड्यात बाकीच्या तुकड्यांतून एकसष्ट. नमुना सात संपला, दुसऱ्यांदा छापावा लागला. एका अर्जात प्रतिवादी म्हणून दूरचित्रवाणी संचालाही सामील केलं होतं. तो भाग अमान्य झाला. एका साडेचार वर्षांच्या अर्जदाराने अक्षरओळख नसल्याने तक्रारीच्या जागी नुसतं चित्र काढलं. त्यात बाबा होते आणि बाबांना चेहऱ्याच्या जागी चौकोन होता. तो अर्ज तातडीचा धरण्यात आला.

पण कक्ष एकच. नियमाप्रमाणे वेगळ्या झालेल्या पालकांना अग्रक्रम मिळतो, एकत्र नांदणाऱ्यांनी प्रतीक्षायादीत थांबायचं. त्यामुळे हल्ली काही समंजस जोडपी हातात हात घालून न्यायालयात येतात आणि घटस्फोट किती दिवसांत होईल याची चौकशी करतात. आमचं तसं उत्तम चाललंय, असं ती आवर्जून सांगतात, केवळ मुलांसाठी घ्यावा म्हणतो. न्यायाधीशबाई त्यांना चहा पाजून परत पाठवतात. जाताना ती खिडकीवरून यादीतला आपला नंबर विचारून जातात.

घड्याळकाकांची लेक आता शनिवारी एक तर आत असते, नाही तर बाकावर बसून लहान मुलांना अर्ज भरून देते. भरण्याचं ती काही घेत नाही. पण मागील भेटीचा दिनांक नीट आठवून सांगा, अंदाजे चालणार नाही, असं दरडावते. बहुतेक मुलं तिथेच अडतात आणि छताकडे बघत बसतात.

वाचकहो, त्या यादीत आपलं नाव असण्याचं काही कारण नाही, अशी तुमची खात्री असेल. अशी खात्री पक्की असलेल्यांचे अर्ज खात्याकडे सर्वांत जास्त आहेत. आणि मघाशी, तुम्ही ही गोष्ट वाचत असताना, कोणीतरी येऊन 'ऐका ना' म्हणालं होतं. पानावरून नजर न काढता तुम्ही 'एक मिनिट' म्हणालात, त्याला आता चांगली दहा मिनिटं होऊन गेली. ते मूल अजून तिथेच उभं आहे का, एवढं वर मान करून बघा. नसेल, तर पेन शोधायला गेलं असेल.