पवळीचा पट्टा

एका जंगलात सिंहमहाराजांची डेअरी होती. सिंहाची कसली आलीय डेअरी, असं विचारू नका. तिथे कोणी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

डेअरीत चाळीस गाई होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात एक पट्टा होता. गाय दिवसभरात किती मिनिटं रवंथ करते ते हा पट्टा मोजायचा आणि कचेरीतल्या पडद्यावर पाठवायचा. गाय नीट रवंथ करत असली की तिच्या नावापुढे हिरवा ठिपका. कमी करायला लागली की लाल. लाल ठिपका दिसला की अस्वल वैद्यांना बोलवायचं, असा नियम होता. नियम चांगला होता, बरं का मुलांनो. खोटं कशाला बोला.

पडद्यासमोर कोल्हेसाहेब बसायचे. गोठ्यात गेलं की पायाला शेण लागतं, म्हणून ते गोठ्यात जात नसत.

एकदा पवळी नावाची गाय व्यायली. झकास कालवड झाली. दुधाला तर नुसता पूर आला. पण एवढ्या दुधाला तिचं खाणं पुरेना आणि अंगावरची चरबी झपाट्याने झिजायला लागली. दहाव्या दिवशी तिने पेंडीला तोंड लावणंच सोडलं.

शेजारी भुरी म्हैस राहायची, सात वेतं झालेली. तिने पवळीचं तोंड हुंगलं. गोडसर वास आला, जास्त पिकलेल्या फळासारखा. असाच वास तिने पूर्वी आपल्या बहिणीच्या तोंडाला घेतला होता आणि ती बहीण चार दिवसांत गेली होती.

त्याच सकाळी पडद्यावर पवळीपुढे लाल ठिपका उमटला. म्हणजे यंत्र बिचारं आपलं काम चोख करत होतं. घोळ तिथून पुढे झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जंगलातले वाघ ही यंत्रणा बघायला येणार होते. एकोणचाळीस हिरवे आणि मध्येच एक लाल, हे कोल्हेसाहेबांच्या डोळ्यांत खुपलं. गाय आजारी असेल, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. पट्टा बिघडला असेल, हे मात्र लगेच आलं. त्यांनी पट्टा काढून आणवला आणि तपासून बघायला बांडी शेळीच्या गळ्यात अडकवला. बांडी म्हणजे झोपेतसुद्धा जबडा हलवणारी. संध्याकाळपर्यंत ठिपका हिरवागार झाला.

कोल्हेसाहेब खूश झाले. पट्टा ठीक आहे. पट्टा ठीक, म्हणजे तो सांगतो ते खरं. आणि तो तर सांगतोय की पवळी ठणठणीत आहे! मग तो परत पवळीला बांधायचा कशाला? उगाच पुन्हा बिघडायचा.

भुरी कचेरीत गेली.

"साहेब, पवळीच्या तोंडाला गोड वास येतोय. आज वैद्य आले तर वाचेल ती."

"मावशी, वासाला आमच्याकडे रकाना नाही," कोल्हेसाहेब म्हणाले.

भुरी काही खुळी नव्हती. तिने बांडीला गाठलं आणि समजावलं की उद्या सकाळपासून जबडा बंद ठेव, लाल ठिपका आला की वैद्य येतील. शेळीला रवंथ करू नको म्हणणं म्हणजे जुलूमच. बांडी रडली, पण पवळीसाठी कबूल झाली आणि शब्दाला जागली.

दुपारी ऐन वाघांसमोर पडदा लाल झाला. अस्वल वैद्य गोड औषधाची बाटली घेऊन धावत आले, ते पट्ट्याचा माग काढत थेट बांडीकडे. आजारी गाय पलीकडे पडलीय, असं भुरी घसा फोडून सांगत होती. वैद्यांनी बांडीकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"ही तर शेळी दिसतेय," ते म्हणाले.

"कागदावर गाय आहे," कोल्हेसाहेब म्हणाले.

वैद्य सज्जन होते. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि सगळी बाटली बांडीच्या घशात ओतली. बांडीला आता राहवेना, ती कचाकचा रवंथ करायला लागली. ठिपका हिरवा झाला. रोग इतक्या लवकर ओळखला आणि इतक्या लवकर बराही केला, म्हणून वाघांनी टाळ्या वाजवल्या. दोनशे पट्टे आम्हालाही पाठवा म्हणाले.

टाळ्या चालू असतानाच पवळी गेली. कालवड बराच वेळ तिच्या सडांना ढुशा देत होती. ते बघून भुरीला रडू आवरेना.

डोळे पुसून ती पुन्हा कचेरीत गेली. पवळी मेली, निदान तिला उचलायला तरी कोणाला पाठवा, म्हणाली. कोल्हेसाहेबांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"काहीतरीच काय बोलता मावशी? पवळी तर रवंथ करतेय."

तात्पर्य: मुलांनो, कुणाचं तोंड हुंगत बसू नये. सवय लागली की कचेरीत नोकरी मिळत नाही. आजारी पडायचंच असेल तर पट्टा घालून पडावं. आणि मरायचं असेल, तर आधी कचेरीत जाऊन आपण जिवंत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.